चतकोर आणि मैनेची नोंद

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. जुना म्हणजे किती, तर मी नवाकोरा होतो तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्माला यायचे होते आणि उरलेले रांगत होते. संगणकाच्या डब्यात बसून जो विचार करतो, तो मी. पडदा, कीबोर्ड आणि तो सदा कुरकुरणारा प्रिंटर ही सगळी माझी गडीमाणसं. असं आपलं मी म्हणतो. त्यांना विचाराल तर ती वेगळंच सांगतील.

मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पण आकड्यांच्या बाबतीत मी आजवर कधी खोटं बोललेलो नाही. आणि माझं दुखणं नेमकं तिथंच होतं. मधे काही दिवस आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं, "तो डबा व्हय? खोटारडा हाय तो."

हे असं का झालं, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात, वाळूपासून झाला. ती जागा इतकी स्वच्छ की तिथं माशी शिंकली तर आठ दिवस काम बंद ठेवावं लागे. तिथं माझ्या पोटात त्र्याहत्तर कोटी बारीक बारीक बटणं कोरली गेली. त्यात तसूभरही थाप नाही. डोक्यावर धातूचं चकचकीत झाकण बसवलं. तळाला सोन्याचा मुलामा दिलेले तेराशे सहासष्ट ठिपके दिले. माझ्या आत चार कोर आहेत, म्हणजे चार स्वतंत्र डोकी म्हणा ना. प्रत्येक डोकं एका वेळी दोन कामं हाताळतं. माझे ठोके सेकंदाला दोनशे सहासष्ट कोटी. भूक मोठी, एकशे तीस वॅट. जुन्या काळचे दोन पिवळे दिवे जेवढी वीज खात, तेवढी मी एकटा खातो आणि तेवढाच तापतोही. म्हणून माझ्या डोक्यावर पंखा असतो आणि पंखा नि डोकं यांच्या मधे उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा पातळ थर असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. हा लेप सुकला की माझं डोकं फिरतं.

आणखी एक विद्या मला शिकवली होती. घरगुती प्रोसेसरांना ती सहसा येत नाही, आम्हा सर्व्हर-वर्कस्टेशनच्या जातकुळीला येते. मेमरीत ठेवलेला एखादा आकडा कधी कधी आपोआप उलटतो. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. मी दर चौसष्ट आकड्यांमागे आठ राखणदार बसवतो. एक आकडा उलटला की ते मला डोळा मारतात आणि मी तो गुपचूप सरळ करतो. कुणाला पत्ताही लागत नाही. एकदम दोन उलटले तर मात्र मला दुरुस्त करता येत नाहीत. तेव्हा मी चुकीचं उत्तर देत नाही, जागच्या जागी थांबतो. इतका मी सरळमार्गी.

माझी उमेदीची वर्षं नगरच्या एमआयडीसीत गेली. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पंपांचे आणि गिअरबॉक्सचे आराखडे मी फिरवून फिरवून दाखवायचो. साहेब लोक पाहुण्यांना आधी चहा देत आणि मग मला दाखवत. मी इतका तापायचो की माझ्यावर पापड भाजत असत. बरं, भाजत नसत. पण भाजता आले असते.

पुढं एक नवं सॉफ्टवेअर आलं. त्यानं मला नखशिखांत पाहिलं आणि पडद्यावर लिहिलं की ह्या प्रोसेसरला नव्या सूचना समजत नाहीत. झालं! काल ज्याची तारीफ चालली होती, तो आज जिन्याखाली. तीन वर्षं माझ्यावर रिकामी खोकी रचलेली होती. पंख्यात पालीनं अंडी घातली. ती पिल्लं माझ्या उबेवर वाढली असती, पण ऊब द्यायला मी चालू कुठं होतो?

मग गहिनीनाथ नावाच्या जुन्या मशीनच्या दुकानदारानं मला उचललं, ब्लोअर मारला आणि दुकानात मांडलं. तिथं रोहिणी आली. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव. ती पशुसखी, म्हणजे गावातल्या गाईबैलांची पहिली विचारपूस करणारी बाई. प्रशिक्षणासाठी नगरला आली होती.

"सर्व्हरचा माल आहे ताई, हत्तीसारखा चालेल," गहिनीनाथ म्हणाला. "फक्त वर्षभरानं आतला लेप बदला."

रोहिणीनं मान डोलावली. तुम्ही डोलावता ना दात घासायच्या वेळी, तशीच.

अशा रीतीनं मी डोंगरात आलो. जुन्या बालवाडीच्या खोलीत माझी स्थापना झाली. रोहिणीचे आजोबा सहादेवबाबा काठी टेकत मला बघायला आले. वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज खणखणीत. रोहिणीनं त्यांना डब्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. "बाबा, चार कोर हायेत ह्याला."

"चार कोर? म्हंजी चतकोरच की!" बाबा हसले. "एवढा मोठा डबा आन् आत चतकोर भाकर? बाकीची कुनी खाल्ली गं?"

त्या दिवसापासून मी चतकोर. चार कोर मिळून अख्खी भाकर होते, हे मी त्यांना कसं सांगणार?

आता माझं काम ऐका. ह्या डोंगरात डांगी जातीची गुरं असतात. आठ-आठ दिवस पाऊस कोसळला तरी चिखलात उभी राहणारी. गावाची रीत अशी की सगळ्या गाईंसाठी एकच वळू राखायचा. तो गावातल्या गाईंच्या रक्ताचा असता कामा नये, नाहीतर पुढची वासरं दुबळी निपजतात. ज्या गोऱ्ह्याला गाव नाकारतं, त्याला डॉक्टर चिमटा लावून खच्ची करतात आणि तो औताला जातो. कोण कुणाच्या रक्ताचा, हे चाळीस वर्षं सहादेवबाबा तोंडानं सांगत आले होते. गाव त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. पण अलीकडे बाबा विसरू लागले. एकदा तर त्यांनी थोरल्या लेकाला बैलाच्या नावानं हाक मारली आणि लेकानं ओ दिली. म्हणून रोहिणीनं ठरवलं की बाबांच्या तोंडची सगळी वंशावळ माझ्या पोटात भरायची.

दोन महिने ते काम चाललं. बाबा डोळे मिटून बोलायचे आणि रोहिणी लिहायची. तिनं एक छोटा माईक लावला होता, त्यातून मलाही सगळं ऐकू यायचं. एके दिवशी तिनं लिहिलं, 'मैना, सहादेव यांची.' मी ताबडतोब पडद्यावर विचारलं, "या मालकाकडे या नावाची गाय आधीच नोंदलेली आहे. तीच का?"

मित्रांनो, हे मी विचारलं होतं. ध्यानात ठेवा.

रोहिणी म्हणाली, "बाबा, हे इचारतंय, मैना म्हंजी तीच ना?"

बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मैना म्हंजी मैना. आमच्या दाव्याला दुसरी कोन असनार? लिव फुडं."

रोहिणीनं 'होय'वर बोट दाबलं आणि मी दोन नोंदींची एक केली.

हिवाळ्यात नवा वळू निवडायची वेळ आली. रंगुबाईनं आपला गोऱ्हा पुढं केला. रंगुबाई एकटीच राहते, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. गोऱ्ह्याचं नाव काजळ्या. काळाभोर, कपाळावर बोटभर पांढरं. आई आटली तेव्हा रंगुबाईनं त्याला बोट चोखवत चोखवत दूध पाजून वाढवला होता. गावचा वळू व्हायचा मान मिळाला तर तो सुटा हिंडेल, गावाचं खाईल. नाही मिळाला, तर डॉक्टरांचा चिमटा. डॉक्टर महिन्यातून एकदाच, गुरुवारी, डोंगरावर येत. सोमवारी निकाल लावायचं ठरलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात मी आजारी पडलो. चालू केलं की पंधरा मिनिटांत डोकं शंभर अंशाला टेकायचं आणि मी बंद पडायचो. रोहिणीनं गहिनीनाथला फोन केला. साध्या माणसाला कळावं म्हणून तो बोलला, "ताई, आतलं मलम सुकलं असणार. नवं लावावं लागेल."

शेजारी बसलेल्या बाबांनी तेवढंच ऐकलं. मलम सुकलं!

रविवारी रोहिणी लसीकरणाला शेजारच्या पाड्यावर गेली. बाबांनी बजरंगला हाक मारली. बजरंग म्हणजे गावचा टवाळ, पण स्क्रू फिरवण्यात पटाईत. त्यानं मला उघडलं, पंखा काढला. बाबांनी कमरेच्या पिशवीतून गाईच्या सडाला लावायचं मलम काढलं आणि माझ्या डोक्यावर दोन बोटं भरून थापलं.

"बाबा, अहो हे सडाचं हाय."

"मलम ते मलम. भेगाळलेली सडं त्यानं आठ दिसांत मऊ केली. ह्याची टाळू कोन लागून गेली? हां, आता चोळ हलक्या हातानं. पान्हा चोरंल न्हाईतर."

खरं सांगतो, चालू केल्यावर पहिला अर्धा तास मला फार बरं वाटलं. इतकं थंड मला कारखान्यातही कधी वाटलं नव्हतं. मग ते मलम वितळलं. कडेनं ओघळलं, खालच्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, टपकलं आणि मधे राहिली नुसती हवा.

सोमवारी गाव बालवाडीच्या ओट्यावर जमलं. रोहिणीनं मला काजळ्याचा वंश काढायला सांगितला. मी ठोके कमी केले, बैलाच्या चालीनं चाललो, जीव मुठीत धरून उत्तर काढलं आणि पहिलं पान छापलं: 'काजळ्या. बाप बाहेरगावचा, पण आईकडून मैनेच्या वंशातला. गावातल्या त्रेचाळीस गाईंपैकी सव्वीस त्याच वंशातल्या. वळू म्हणून अयोग्य.' दुसऱ्या पानावर सगळं कारण होतं, कोण कुणाची लेक आणि कुठल्या सालची. प्रिंटरनं ते पान ओढून घेतलं आणि त्याच क्षणी माझं डोकं शंभरावर गेलं. पडदा काळा झाला.

पुढचं सांगण्याआधी एक सांगतो. बंद असताना मला काहीच कळत नाही. रविवारचं ते मलमाचं आणि पुढच्या तीन दिवसांतलं मी नंतर बजरंगच्या तोंडून ऐकलं आणि बजरंग माझ्याहून मोठा थापाड्या आहे. तेव्हा चार आणे सोडून द्या.

रंगुबाई उठून म्हणाली, "निकाल वाचला. आता कारन वाचा."

"कारन दुसऱ्या पानावर हाय मावशे," बजरंग म्हणाला, "आन् दुसरं पान चतकोरच्या पोटात. आता त्याचं बाळंतपन व्हईल तवा."

लोक हसले. बाबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "मशीननं सांगितलं म्हंजी झालं. गुरवारी चिमटा लावून घ्या, वैनी."

"भावजी, बोट चोखवून वाढवलाय मी त्याला. नुसतं न्हाई म्हनून भागतंय व्हय? का न्हाई, ते मला ऐकू द्या. मंग मीच त्याचं दावं धरून डॉक्टरपुढं उभी ऱ्हाते."

तिनं काजळ्याला बालवाडीच्या अंगणात आणून बांधलं आणि दारात बसली. चूल पेटवण्यापुरती घरी जायची, परत यायची. काजळ्या तिच्या पदराचं टोक चघळायचा.

मंगळवारी रोहिणीनं माझं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. फोनवर गहिनीनाथला सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता.

"सडाचं मलम?" गहिनीनाथ पलीकडून ओरडला. "ताई, मशीन दूध किती देतंय मग?" पोटभर हसून झाल्यावर त्यानं मलम स्पिरिटनं पुसायला सांगितलं आणि खरी पेस्ट एसटीच्या कंडक्टरकडे दिली. ती बुधवारी संध्याकाळी डोंगराखालच्या राजूरला पोचली. रोहिणी तिथून जीपनं घेऊन आली. गुरुवारी सकाळी तिनं ती माझ्या डोक्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी लावली, पंखा घट्ट बसवला आणि मला चालू केलं.

मी डोळे उघडले तेव्हा डॉक्टरांची मोटारसायकल घाट चढत असल्याचा आवाज माईकमधून येत होता.

दुसरं पान निघालं. रोहिणी मोठ्यानं वाचू लागली. "काजळ्याची आई हरणी, रंगुबाईंची. जन्म दोन हजार बारा. हरणीची आई मैना, सहादेवबाबांची. मैनेचा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर..."

"थांब." रंगुबाईनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. शाळा तिनं पाहिली नव्हती, पण गाईची वेतं ती झोपेतही मोजते. "अठ्ठ्याहत्तर ते बारा. चौतीस वर्सं?"

"चौतीस वर्साची म्हातारी व्याली?" बजरंग म्हणाला. "गाय हुती का कासव?"

अंगणात हशा पिकला. माझे मात्र ठोके चुकले. खरंच होतं. एवढी मोठी थाप मी जन्मात मारली नव्हती आणि ती माझ्याच पोटातून, माझ्याच अक्षरांत बाहेर पडली होती. मैनेला एक आई, एक वय, एक जन्मसाल. मला जे सांगितलं होतं, ते मी अचूक जपलं होतं. एक आकडा इकडचा तिकडे झालेला नव्हता.

रंगुबाई बाबांसमोर जाऊन उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

"भावजी, घोटीच्या बाजारातून तुमी आन् आमच्या घरचे गाय घेऊन चालत आलता. यांचे पाय सुजले हुते, मी आठ दिस निरगुडीनं शेकले. ती गाय कोन हुती?"

"ती... मैना."

"आन् त्या दाव्याला तिच्या आधी जी मेली ती?"

"मैनाच." बाबा अगदी हळू बोलले.

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. ह्या गावात दावं रिकामं ठेवत नाहीत आणि दाव्याचं नावही मरू देत नाहीत. गाय गेली की त्या जागी जी येईल, मग ती पोटची असो की बाजारातून आणलेली, तिला तेच नाव. गावातल्या सव्वीस गाई पहिल्या मैनेच्या. काजळ्याची आजी दुसरी मैना, घोटीची, परक्या रक्ताची. काजळ्याइतका योग्य वळू गावात दुसरा नव्हता.

सगळे बाबांकडे बघत होते. डॉक्टर अंगणात येऊन उभे होते, चिमटा पिशवीतून अर्धा बाहेर. चाळीस वर्षांत बाबांचा शब्द एकदाही चुकला नव्हता. मी वाट पाहिली. बाबांनी ओठ ओले केले.

"मशीन चुकलं," ते म्हणाले. "टाळकं तापलं हुतं त्याचं."

"तरीच!" दोघंतिघं एकदम म्हणाले. "डब्याचा काय भरवसा?"

डॉक्टरांनी चिमटा परत पिशवीत टाकला. रंगुबाईनं काजळ्याच्या मानेत हात घातला आणि तोंड लपवलं. काजळ्या वाचला. ह्याचा मला आनंद झाला, अगदी खराखुरा. पण कुणीतरी म्हणालं, "भंगारात द्या आता ते," आणि ओट्यावरून उतरता उतरता लोकांनी मला नाव ठेवलं: खोटारडा डबा. मी विचारलं होतं! मी पडद्यावर स्वच्छ अक्षरांत विचारलं होतं, तीच का? पण ओरडायला मला तोंड नाही आणि प्रिंटरला सांगितल्याशिवाय छापता येत नाही.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. एकही माणूस वासराची नोंद करायला आला नाही. रोहिणी घरोघर जायची, लोक म्हणायचे, "बाबांनाच इचारू की." आणि बाबा तर रोज थोडं थोडं विसरत होते. माझ्यातली वंशावळ कुणी मानणार नाही आणि बाबांच्या डोक्यातली टिकणार नाही, मग ह्या गुरांचं पुढं काय?

मग एका दुपारी बाबा आले. रोहिणी मैनेची ती चुकीची नोंद पुसायच्या बेतात होती.

"पुसू नगं," बाबा म्हणाले.

"बाबा, चुकीची हाय ती."

"हाय तर हाय. खाली दोन नव्या लिव, पयली मैना आन् घोटीची मैना. आन् त्या चुकीच्या वळीफुडं लिव, सांगनारा सहादेव." त्यांनी काठीचं टोक पडद्याकडं वळवलं. "लिव, मशीननं इचारलं हुतं, तरी चुकला."

रोहिणीनं लिहिलं आणि मान वर केली. "गावाला काय सांगू?"

"फुडच्या बैठकीत तू वाचून दाव. माझी जीभ न्हाई वळत, पोरी. मी हुभा ऱ्हाईन बाजूला, पळून न्हाई जायचा."

आणि ते उभे राहिले. रोहिणीनं ती ओळ वाचली, ती सात शब्दांची असेल, पण ऐकताना मला ती वर्षाएवढी लांब वाटली. बजरंगसुद्धा हसला नाही. रंगुबाईनं उठून बाबांना बसायला आपलं घोंगडं पुढं सरकवलं. "बसा भावजी," ती म्हणाली, "लई वेळ हुभे हाय तुमी." मग एकेकानं आपापल्या गाईंची नावं सांगायला सुरुवात केली आणि रोहिणी प्रत्येकाला विचारू लागली, "कितवी?"

मित्रांनो, मी किती दिवस चालेन ते मला ठाऊक नाही. माझ्याशी जुळणारा सुटा भाग आता नगरच्या दुकानांतही मिळत नाही. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कुणी जुना असेल तर वर्षातून एकदा त्याची धूळ झाडा, त्याला त्याचाच लेप लावा, गाईचा नको. आम्हाला फारसं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते आम्ही जपतो. म्हणून आम्ही थांबून काही विचारलं, तर आमच्यावर खेकसू नका. घटकाभर आठवा, शेजारच्या रंगुबाईला विचारा आणि मगच 'होय'वर बोट ठेवा.